कोपरखैरण्यातील आमची भाजीबाग : ठरावापासून तोडणीपर्यंत

नवी मुंबईतील आमच्या सोसायटीच्या आवारात सामुदायिक भाजीबाग सुरू होऊन २०२५ च्या गुढीपाडव्याला एक वर्ष झाले. वर्षभरात कोपरखैरणे, घणसोली आणि ऐरोलीतील बऱ्याच सोसायट्यांची मंडळी बाग पाहून गेली. त्यांचे प्रश्न जवळपास सारखे होते: परवानगी कोणाकोणाची लागते, खर्च किती येतो, पाणी कुठले वापरायचे आणि आलेली भाजी कोणी न्यायची. बी कधी पेरावे, खत कोणते घालावे याची माहिती मराठीत भरपूर मिळते; या चार प्रश्नांची उत्तरे मात्र आम्हाला कार्यालयांत, सभांत आणि क्वचित भांडणांतून मिळवावी लागली. म्हणून जे घडले ते त्याच क्रमाने, तारखा आणि रकमांसह, येथे लिहीत आहे.

आमची सोसायटी सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भूखंडावर १९९० च्या दशकात उभी राहिली. तीन विंग, चार मजले, ७२ सदनिका. निम्म्याहून अधिक कुटुंबे सातारा आणि जुन्नर भागांतून आलेली असून त्यांतील अनेकांची हयात वाशीच्या बाजार समितीत माथाडी म्हणून गेली. शेती मागे ठेवून आलेली ही माणसे आता सत्तरीच्या घरात आहेत. मुले पुण्या-बंगळुरूला, गुडघे दुखरे, आणि दवाखाना सोडला तर खाली उतरायला कारण उरलेले नाही. आमच्या विंगमधील एक काका तर पत्नीच्या निधनानंतर महिनोन् महिने दाराबाहेर दिसले नव्हते. बागेची कल्पना मनात आली ती या माणसांना पाहून. ताजी भाजी मिळणे हा त्यामागचा दुसरा हेतू.

पहिला विचार गच्चीचा झाला. मे २०२३ मध्ये आम्ही तिघी जणींनी कमिटीपुढे तोंडी विषय काढला, तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचे मत घ्या असे सांगण्यात आले, आणि ते अत्यंत योग्य होते. इंजिनीअरांनी जे समजावले ते गच्चीवर बाग करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे असे आहे. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीवर, आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे, दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार गृहीत धरलेला असतो. एक फूट जाडीची ओली माती मात्र दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरते. त्यात आमची इमारत तिशीला आलेली आणि वॉटरप्रूफिंग दोनदा झालेले. हलक्या मिश्रणाच्या कुंड्या, त्याही तुळयांच्या रेषेवर, चालतील. मातीचे वाफे चालणार नाहीत, असे त्यांनी लेखी दिले. या अहवालाची फी ₹६,००० होती. पुढे सभेत गच्चीचा आग्रह धरणाऱ्यांपुढे हाच कागद ठेवता आला, त्यामुळे ते पैसे सत्कारणी लागले असे मी मानते.

मग बी विंगच्या दक्षिणेची पट्टी पाहिली. साधारण ६० फूट लांब, १८ फूट रुंद, जुन्या सोफ्यांनी आणि तुटक्या सायकलींनी भरलेली. मंजूर नकाशात ती मोकळी जागा म्हणूनच दाखवलेली होती. सोसायटीच्या आर्किटेक्टनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. जमीन सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे, त्यामुळे तेथे सिमेंटचे पक्के बांधकाम करायचे नाही. आणि अग्निशमन दलाची गाडी ज्या बाजूने आत येते तो रस्ता एक इंचही अडवायचा नाही. आमची पट्टी त्या रस्त्याच्या विरुद्ध बाजूला होती. तरीही त्यांनी नकाशाच्या प्रतीवर वाफे आखून, रस्ता रंगवून दिला. तो नकाशा पुढे प्रत्येक अर्जासोबत लागला.

ऊन किती मिळते हे स्वतः मोजावे. फळभाज्यांना किमान सहा तास थेट ऊन लागते, पालेभाज्या चार तासांवरही येतात. सकाळी आठपासून दर दोन तासांनी सावलीची कड खडूने जमिनीवर आखली की एका दिवसात चित्र समजते. मात्र हे मोजमाप डिसेंबरमध्ये पुन्हा करावे, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला सरकतो आणि इमारतीच्या उत्तरेला सावली फार लांबते. उत्तरेची जागा मे महिन्यात कितीही उजळ दिसली तरी तिच्यावर विसंबू नये.

सहकारी सोसायटीत कोणतीही सामाईक जागा वापरायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी निघते. विषयपत्रिकेत आपला विषय यावा म्हणून आम्ही जुलैमध्येच सेक्रेटरींना लेखी पत्र देऊन त्याची पोच घेतली. असा विषय 'ऐनवेळच्या विषयां'त कधीही मांडू नये. पुढे कोणीही आक्षेप घेऊ शकतो.

सभा २७ ऑगस्ट २०२३ रोजी, रविवारी झाली. विरोध झाला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. पाणी, डास, उंदीर आणि दुचाकींचे पार्किंग असे चार मुद्दे आले. पाण्याबाबत आम्ही हिशेब लिहूनच नेला होता. आठ वाफ्यांचे क्षेत्र सुमारे ३० चौरस मीटर होते, आणि ऐन उन्हाळ्यात दर चौरस मीटरला पाच लिटर धरले तरी दिवसाला १५० लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे मानक धरतात. म्हणजे संपूर्ण बाग एका रहिवाशाएवढे पाणी पिते. बागेच्या नळाला वेगळा मीटर बसवू, असे कबूल केल्यावर हा मुद्दा मिटला. बाकीच्या मुद्द्यांविषयी नियम लिहून देण्याचे ठरले.

एका सभासदांनी विचारले, की ज्येष्ठांच्या प्रकृतीला याचा उपयोग होतो हे कशावरून? मी नेदरलँड्समधील २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला. तेथे शहरातील लहान भाजीबागा कसणाऱ्या ३० जणांना आधी ताण येईल असे काम दिले आणि नंतर काहींना अर्धा तास बागकाम, काहींना अर्धा तास वाचन करायला लावले. कॉर्टिसोल हे तणावाशी निगडित संप्रेरक दोन्ही गटांत उतरले, पण बागकाम करणाऱ्यांत अधिक उतरले, आणि त्यांची मनःस्थितीही पूर्ववत झाली. तीस जण ही संख्या लहान आहे, हेही मी तेव्हाच सांगितले. आपल्या बाजूचा पुरावा जेवढा आहे तेवढाच मांडावा. सभेचा विश्वास त्यानेच टिकतो.

ठराव बहुमताने मंजूर झाला. त्यात जागेचे मोजमाप, एक वर्षाचा प्रायोगिक काळ, सोसायटीच्या निधीतून जास्तीत जास्त ₹४०,०००, पक्के बांधकाम न करण्याची अट आणि पाच जणांची बाग समिती, एवढे सगळे शब्दांत आले. इच्छुक ३२ कुटुंबांनी प्रत्येकी ₹१,५०० देण्याचे ठरले. सभेच्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत हाती यायला ऑक्टोबर उजाडला. ही प्रत लगेच मागून ठेवावी, कारण तिच्यावाचून पुढचा एकही अर्ज स्वीकारला जात नाही.

पाऊस थांबल्यावर माती आणि पाणी तपासून घेतले. नवी मुंबईत हे टाळू नये. शहराचा बराच भाग खाडीलगतच्या खाजणात भराव घालून झालेला आहे आणि शेजारी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे. वरचा पालापाचोळा बाजूला करून सुमारे १५ ते २० सेंटिमीटर खोलीचा व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या बाजूची पातळ माती खरवडायची. असे सात-आठ ठिकाणी करून सगळी माती गोणपाटावर मिसळायची. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत द्यायची. अहवाल यायला तीन आठवडे लागले. शिसे धरून माती-पाण्याच्या सर्व तपासण्यांना ₹५,२०० खर्च आला. सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब अवघा ०.३ टक्के, आणि विटा-लाद्यांचे तुकडे जागोजाग. शिसे चिंता करण्याइतके नव्हते, तरी या जमिनीत थेट पेरण्यात अर्थ नव्हता. जमिनीवर उंच वाफे करून त्यांत बाहेरची माती भरायची, हे तेथेच ठरले.

बोअरवेलच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला २,१०० मिलिग्रॅम निघाले. खाडीकाठच्या बोअरला हे नवल नाही. पालक, बीट थोडाफार क्षार सोसतात. वाल-घेवड्याला तो अजिबात मानवत नाही. म्हणून मोरबे धरणाचे, म्हणजे पालिकेचे पाणीच मीटर लावून वापरतो. नळजोड, पाइप आणि मीटर मिळून ₹६,३०० झाले. गच्चीवरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवून उन्हाळ्यात वापरण्याची सूचना अनेक जण करतात. हजार लिटरची टाकी आमच्या बागेला आठवडाभर पुरते आणि पाऊस संपल्यावर सात महिने कोरडे जातात. ते पाणी जमिनीत मुरवणे चांगले, बागेसाठी साठवणे परवडत नाही, असे माझे मत आहे.

झाडांची परवानगी हा टप्पा सर्वांत सावकाश गेला. पट्टीच्या कडेला दोन सोनमोहर आहेत आणि त्यांच्या खालच्या फांद्यांनी सकाळचे ऊन अडत होते. आपल्या आवारातील झाड असले तरी फांद्या आपल्या मनाने तोडता येत नाहीत. महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा शहरांना लागू आहे आणि अर्ज पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करावा लागतो. आम्ही डिसेंबर २०२३ मध्ये अर्ज दिला. सोबत ठराव, आर्किटेक्टचा नकाशा, झाडांचे चारही बाजूंनी फोटो आणि नेमक्या कोणत्या फांद्या छाटायच्या त्यांवर केलेल्या खुणा, एवढे जोडले होते. जानेवारीत पाहणी झाली. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी खुणा केलेल्यांपैकी एक मोठी फांदी राखायला सांगितली आणि उरलेल्यांना फेब्रुवारीत लेखी परवानगी मिळाली. छाटणीला ₹९,००० लागले. उन्हाळ्यात कावळ्यांची घरटी सुरू होतात, त्याआधी काम उरकले याचे समाधान वाटले. अर्ज हिवाळ्यातच करावा, हे मी प्रत्येकाला सांगते.

या प्रतीक्षेच्या काळात आम्ही स्वस्थ बसलो नाही. माती तयार करत होतो. सोसायटीचे कंपोस्टचे दोन हौद कित्येक वर्षे रिकामे पडले होते. ऑक्टोबरपासून आवारातील पालापाचोळा जाळणे पूर्ण बंद केले आणि तो हौदात भरायला सुरुवात केली. तीन पाट्या वाळकी पाने, एक पाटी स्वयंपाकघरातील ओला कचरा, वर मूठभर जुने खत, असे थर. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून शेतकऱ्यांना आणि शहरी लोकांना पालापाचोळ्यापासून सुपीक माती घडवायला शिकवले, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर भाज्या-फळे पिकवून दाखवली. आम्ही त्याच वाटेने गेलो. अमृतजलही घरीच केले. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ घालून तीन दिवस ढवळत ठेवायचे आणि दहापट पाणी घालून वापरायचे. शेण घणसोली गावातल्या गोठ्यातून मिळे.

नीट जमलेला ढीग चौथ्या-पाचव्या दिवशी आतून इतका तापतो, की कोपरापर्यंत हात घातला तर तो तसाच ठेवता येत नाही. तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत जाते. घाण वास आला तर ओले जास्त झाले आहे असे समजून वाळकी पाने वाढवावीत. ढीग थंडच राहिला तर पाणी शिंपडून खालीवर करावा. दोन महिन्यांनी पानांचा आकार दिसेनासा होतो आणि हातात घेतलेल्या मुठीला पहिल्या पावसाचा वास येतो. तो वास आला तेव्हा हौदाभोवती उभ्या असलेल्या तीन आजी एकमेकींना मूठ हुंगायला देत होत्या.

मार्च २०२४ मध्ये वाफे उभे राहिले. सिमेंट वापरायचे नाही म्हणून जांभ्याचे चिरे कोरडेच रचले. वाफा दहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच. चार फुटांपेक्षा रुंद केला तर मध्यापर्यंत हात पोहोचत नाही आणि लोक वाफ्यात पाय ठेवतात. मधल्या वाटा तीन फुटांच्या ठेवल्या, म्हणजे व्हीलचेअर आणि वॉकर जातो. आठांपैकी एक वाफा, ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी, आणखी एक थर देऊन उंच केला. उंची थोडीच वाढली, पण बागेतला सर्वांत गजबजलेला वाफा आज तोच आहे. एकूण चारशेहून थोडे अधिक चिरे लागले आणि वाहतुकीसह ₹२४,००० झाले.

लाल मातीचा पहिला ट्रक परत पाठवावा लागला. वर छान तांबूस माती आणि खाली इमारतींचा राडारोडा होता. पुरवठादाराशी बरीच बोलाचाली झाली, पण बाग समितीतील आबांनी ट्रक रिकामा होण्याआधीच मधोमध पहार खुपसून पाहिली होती, म्हणून नुकसान टळले. आबा पाटण तालुक्यातले, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातून निवृत्त झालेले. "ताई, माती वरनं बघायची नसती. पोटातली बघायची," एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या ठिकाणाहून अडीच ब्रास (२५० घनफूट) माती ₹१३,००० ला घेतली. निम्मी माती आणि निम्मे कंपोस्ट-पालापाचोळा असे वाफे भरले. कोकोपीट, निंबोळी पेंड आणि कमी पडलेले गांडूळखत यांचे ₹७,५००, शेडनेट आणि मांडवाचे बांबू ₹११,०००, खुरपी, पाट्या, झाऱ्या आणि हातमोजे ₹५,०००. सगळे मिळून ₹८७,००० झाले आणि जमा रकमेत बसले.

पहिली पेरणी गुढीपाडव्याला, ९ एप्रिल २०२४ रोजी झाली. उन्हाळ्यात जे तग धरते तेच घेतले: लाल माठ, भेंडी, गवार, चवळी, काकडी. माठाचे बी मोहरीहून बारीक असते. ते कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरायचे, म्हणजे एके ठिकाणी दाट पडत नाही. वर ५० टक्के सावली देणारी शेडनेट ताणली आणि पाणी सकाळी सातच्या आत देण्याचा नियम केला. मेच्या पहिल्या आठवड्यात माठाच्या जुड्या निघाल्या. दीड महिन्यानंतर भेंडी सुरू झाली आणि ती दिवसाआड तोडावी लागते. आणखी दोन दिवस राहिली तर सुरीने कापत नाही.

पावसाळ्यासाठी मृगात वेल लावले: दुधी, शिराळी, पडवळ, कारली. शिराळ्याचे बी आमच्या फाटकाजवळ भाजी विकायला बसणाऱ्या आगरी मावशींनी दिले, आणि मांडव कसा बांधायचा तेही त्यांनीच उभे राहून सांगितले. या वेलांनी मुलांना बागेत आणले. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि पावसाळी संध्याकाळी त्यांच्याकडे किडे फारसे फिरकत नाहीत, त्यामुळे परागीभवन हाताने करावे लागते. मादी फुलाच्या खाली बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीच दिसतो. नर फुलाच्या मागे नुसता लांब देठ. नर फूल तोडायचे, पाकळ्या मागे वळवायच्या आणि त्यातला केसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. साडेसहाला खाली खेळणारी मुले टॉर्च घेऊन हे काम करू लागली, आणि आपण शिवलेल्या फुलाचे फळ कुठले हे त्यांच्या बरोबर लक्षात राहिले.

त्याच महिन्यांत आफ्रिकन गोगलगायी आल्या. एका रात्रीत त्यांनी मिरचीची सगळी रोपे खाल्ली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला पसरली की त्या खाली जमतात. सकाळी हातमोजे घालून गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ वाफ्यात कधीही टाकू नये आणि गोगलगायींना उघडा हात लावू नये. घुशींसाठी चिऱ्यांच्या फटी बुजवल्या आणि ओला कचरा झाकणबंद ठेवला. उंदीर-घुशींचा वावर असतो तेथे पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, म्हणून पायाला जखम असलेल्या कोणीही त्या काळात बागेत उतरायचे नाही, हा नियम फलकावर लिहिला आणि तो कडकपणे पाळला. डासांसाठी कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकल्या. पाण्याच्या ड्रमला जाळीचे कापड बांधले आणि दर रविवारी तो पूर्ण कोरडा केला. एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा नियम पुरतो.

सप्टेंबरमध्ये वाटपावरून वाद झाला. काम न करणाऱ्या काही सभासदांचे म्हणणे असे, की जमीन सर्वांची असेल तर भाजीही सर्वांची. पहाटे उठून पाणी घालणाऱ्यांना हे जिव्हारी लागले आणि दोन कुटुंबे बाहेर पडली. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य होते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बैठक घेऊन लेखी नियम केले. सहा वाफे पाच-सहा कुटुंबांच्या गटांना, भाडेकराराप्रमाणे अकरा महिन्यांसाठीच, चिठ्ठ्या टाकून. त्यामुळे जागेवर कोणाचा कायमचा हक्क तयार होत नाही. उरलेले दोन वाफे सर्वांचे. त्यांतली भाजी रविवारी सकाळी आठला फाटकाशेजारच्या टेबलावर ठेवायची आणि ज्याला हवी त्याने न्यायची. वॉचमन आणि साफसफाईच्या ताईंचा वाटा आधी काढायचा. विक्री कोणीही करायची नाही. ज्या सोसायट्या आता सुरुवात करत आहेत त्यांनी हे नियम पहिले बी पेरण्यापूर्वीच लिहून घ्यावेत. भाजी समोर दिसू लागली की शब्द जड होतात.

हिवाळा सर्वांत चांगला गेला. मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, वांगी आणि मांडवावर पावटा. मावा आला तेव्हा लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारले. १३ जानेवारी २०२५ च्या भोगीला वांगी, पावटा आणि मुळा बागेतला, गाजर-हरभरा बाजारातला, अशी भाजी तिन्ही विंगांनी मिळून शिजवली आणि सातारकर आजींनी बाजरीच्या भाकऱ्या थापल्या.

उत्पन्नाविषयी अवास्तव अपेक्षा ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या-फळे खायला सांगते. आठ वाफ्यांतून तेवढे ७२ घरांना मिळणे शक्यच नाही. बाजार सुटत नाही. जे बदलले ते वेगळे आहे. पत्नी गेल्यावर घराबाहेर न पडणाऱ्या काकांकडे सकाळचा नळ आहे. चावी त्यांच्याकडे असल्याने त्यांना साडेसहाला उतरावेच लागते, आणि ते उतरतात. हे काम त्यांना दया म्हणून दिलेले नाही, वक्तशीर माणूस हवा होता म्हणून दिले. सी विंगमधील कंपवात असलेल्या आजी उंच वाफ्यातले तण काढतात; हात थरथरतो, पण तण बरोबर निघते. ज्या घरांचे एकमेकांशी पार्किंगवरून बोलणे बंद होते, ती आता टोमॅटोला काठी कधी लावायची यावर बोलतात. औषधांची जागा बाग घेत नाही; ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांचे ते चालूच आहेत.

प्रायोगिक काळ संपत आल्याने मार्च २०२५ मध्ये विशेष सभा बोलावून, मीटरचे आकडे आणि जमाखर्च मांडून, ठरावाला तीन वर्षांची मुदतवाढ घेतली. बाहेर पडलेल्या दोन कुटुंबांपैकी एक परत आले आहे. आता चालू खर्च बियाणे, पेंड आणि पाणी मिळून महिन्याला ₹१,२०० च्या आसपास येतो आणि तो सहभागी घरांत वाटला जातो. कोणाला ठरावाचा मसुदा, अकरा महिन्यांच्या नियमांचा कागद किंवा झाडांच्या अर्जाचा नमुना हवा असेल तर आमच्या बाग समितीने त्याच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी आठ ते दहा या वेळेत बागेत कोणी ना कोणी असतेच. मृगाच्या आधी आलात तर शिराळी आणि दुधीचे बीही मिळेल.